कंपनीत एआर-व्हीआर वापरायचंय? आधी खिशातला फोन काढा, हेडसेटचं नंतर बघू

कंपनीत एआर-व्हीआर, म्हणजे ऑगमेंटेड आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, आणायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट कुठला घेऊ. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी बघायचं की आपल्याकडे वेळ नेमका कुठे जातो, माणसं कुठे ताटकळत उभी राहतात, कुठली गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि मग त्यातल्या कुठल्या कामाला हे लागू पडतंय ते ठरवायचं. मी हे लिहितोय ते मुख्यतः भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली असल्या एमआयडीसीतल्या छोट्या-मध्यम युनिटवाल्यांसाठी, जिथे वेगळं ट्रेनिंग सेंटर नसतं आणि नवीन खर्च करायचा तर मालकाला स्वतः हिशोब पटावा लागतो.

फरक आधी दोन वाक्यांत. एआरमध्ये समोरचं खरं मशीन दिसतच राहतं आणि त्याच्यावर बाण, आकडा किंवा चित्र येतं. व्हीआरमध्ये समोरचं सगळं झाकलं जातं आणि तुम्ही दुसऱ्याच जागी उभे असता. म्हणून काम चालू असताना मदत हवी असेल तर एआर, कामाला हात लावायच्या आधी सराव हवा असेल तर व्हीआर, आणि व्हीआरचा हेडसेट घालून शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, कुणालाही उभं करायचं नाही, कधीच नाही.

आणि हे फक्त गेम खेळणाऱ्यांचं आहे असं कुणी म्हणालं तर सांगा की एआरच्या सुरुवातीच्या कल्पनांपैकी एक कारखान्यातच सुचलीये. बोइंगमध्ये विमानाच्या वायरिंगचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर बांधायचे, प्रत्येक विमानाचं वायरिंग वेगळं, कामगाराला सारखं ड्रॉइंग बघायला लागायचं, तर त्या सूचना थेट डोळ्यासमोर दाखवता येतील ही कल्पना टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या तिथल्या दोघांनी १९९२ मध्ये मांडली.

काम कसं निवडायचं

एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस मेंटेनन्सवाल्याला आणि शिफ्ट सुपरवायझरला लिहायला सांगा. मशीन बंद पडलं तर किती वाजता पडलं, चालू किती वाजता झालं, मधला वेळ कशात गेला. बघाल तर बऱ्याचदा दुरुस्तीला पंधरा-वीस मिनिटंच लागतात पण सर्व्हिस इंजिनिअर यायची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो. दुसऱ्या पानावर नव्या ऑपरेटरच्या चुका लिहा, कुठल्या सेटिंगला रिजेक्शन जास्त येतंय, काय शिकवण्यासाठी मशीन थांबवावं लागतंय. तिसऱ्या पानावर गिऱ्हाईकाचं, म्हणजे ड्रॉइंग दाखवूनही त्याला कळलं नाही म्हणून डिस्पॅचनंतर काय काय बदलावं लागलं. ही वही भरली की तुम्हाला रिमोट मदत हवीये, ट्रेनिंग हवंय की थ्रीडी मॉडेल हवंय ते आपोआप दिसतं, सल्लागार लागत नाही.

रिमोट मदत, म्हणजे सगळ्यात लवकर पैसे वसूल होणारी गोष्ट

समजा व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला, अलार्म आलाय, मशीनवाल्याचा इंजिनिअर बंगळुरूला आहे. आपला फिटर व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉल लावतो, पॅनल उघडतो, आणि मग सुरू होतं, "तो नाही हो, त्याच्या शेजारचा", "कुठला, निळ्या वायरवाला?", "नाही, वरच्या लाइनीतला, डावीकडून तिसरा", "माझ्या डावीकडून का तुमच्या?" आणि यात एखादी वायर भलत्याच टर्मिनलला गेली तर आणखी वेगळं दुखणं. एआरच्या कॉलमध्ये तो इंजिनिअर स्वतःच्या स्क्रीनवर त्या टर्मिनलवर बोट ठेवतो, तिथे बाण उमटतो, आणि आपल्या फिटरने फोन हलवला, खाली वाकला, परत वर आला तरी बाण त्याच टर्मिनलला चिकटून राहतो. बस एवढाच फरक आहे पण याच्यामुळे डावं-उजवं हा विषयच संपतो.

यासाठी चेन्नईच्या झोहोचं झोहो लेन्स आहे, टीमव्ह्यूअरचंही याच कामाचं अ‍ॅप आहे, दोन्ही आधी ट्रायल घेऊन बघता येतात. फोन मात्र एआर सपोर्ट करणारा लागतो, अँड्रॉइडवर गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर इन्स्टॉल होतंय का ते बघा, होत नसेल तर त्या फोनवर बाण चिकटून राहणार नाही, नुसता व्हिडिओ कॉलच होईल.

आता खऱ्या अडचणी, कारण डेमो नेहमी ऑफिसात होतो आणि तिथे सगळं छान चालतं. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे ज्या पॅनलच्या मागे फिटर उभा राहणार आहे तिथेच जाऊन स्पीड बघा, आणि कमी असेल तर त्या बाजूला एक वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट टाकून घ्या. दुसरं म्हणजे उजेड. कॅमेऱ्याला पकडायला खडबडीत, खुणा असलेला पृष्ठभाग लागतो, चकचकीत स्टीलवर किंवा एकरंगी पत्र्यावर बाण सरकतो, अंधारात तर हमखास सरकतो. पॅनलच्या दारावर एक बॅटरी लटकवून ठेवा आणि चकचकीत भागाजवळ दोन-तीन छापील स्टिकर लावून टाका, बराच फरक पडतो. तिसरं, बऱ्याच प्लांटमध्ये गिऱ्हाईकाच्या गोपनीयतेच्या करारामुळे कॅमेऱ्याचे फोन आत चालत नाहीत, तर कंपनीच्या नावाचा एक फोन फक्त याच कामाला ठेवा आणि गिऱ्हाईकाची लेखी परवानगी आधी घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात टेस्टर घेऊन चालू पॅनलमध्ये कुणी हात घालायचा नाही. फोन धरणारा वेगळा, काम करणारा वेगळा, आणि मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावून टॅग अडकवल्याशिवाय आत हात नाही, पलीकडचा इंजिनिअर कितीही घाई करू दे. जिथे माणूस एकटाच असतो आणि दोन्ही हात लागतात, उदाहरणार्थ उंचावरचं काम, तिथे मग रिअलवेअरसारखं हेल्मेटला लावायचं उपकरण विचारात घ्यायचं, ते आवाजी कमांडवर चालतं. पण ते दुसऱ्या टप्प्यात.

कॉल संपला की विषय संपवू नका. बाण काढलेले फोटो सेव्ह करा, खाली मराठीत दोन ओळी लिहा की अलार्म कुठला होता, काय सापडलं, काय केलं, आणि त्याचा क्यूआर कोड छापून त्याच मशीनच्या पॅनलवर चिकटवा. पुढच्या वेळी रात्रपाळीला तोच अलार्म आला तर कुणाला फोन लावायच्या आधी पोरगं तो कोड स्कॅन करेल. तुमच्याकडे एखादा जुना फिटर असेल ज्याला आवाजावरून बेअरिंग ओळखता येतं, त्याच्याकडून असल्या नोंदी त्याच्या रिटायरमेंटच्या आधी करून घ्या आणि नोंदीवर त्याचं नाव टाका. ज्याची विद्या त्याचं नाव, एवढं आपण केलंच पाहिजे.

ट्रेनिंग: व्हीआर कुठे लागतं आणि कुठे नाही

चार प्रकारच्या गोष्टी व्हीआरमध्ये शिकवायच्या: ज्यात जीव जाऊ शकतो, ज्यात माल वाया जातो, जे क्वचितच घडतं, आणि ज्यासाठी चालू मशीन थांबवावं लागतं. बाकी सगळं आहे तसंच मशीनशेजारी उभं राहून शिकवा, ते जास्त चांगलं.

अमेरिकेत वॉलमार्टने २०१८ मध्ये आपल्या दुकानांसाठी १७,००० हेडसेट घ्यायचं जाहीर केलं, दुकानात सणाच्या सेलला झुंबड उडाली की काय करायचं असल्या गोष्टींचा त्यात सराव होता. वाचायला भारी वाटतं, पण त्यांच्याकडे लाखो माणसं आहेत. पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने २०२० मध्ये एक अभ्यास केला होता, त्यात व्हीआर ट्रेनिंगचा खर्च साध्या वर्गाच्या बरोबरीला यायला ३७५ शिकणारे लागले. हा आकडा लक्षात ठेवा. तो सॉफ्ट स्किलच्या कोर्सचा आहे, आपल्या कामाला जसाच्या तसा लागू नाही, पण यातून एवढं नक्की कळतं की वर्षाला पंधरा-वीस नवीन माणसं घेणाऱ्या युनिटने लाखो रुपये घालून स्वतःचं थ्रीडी सिम्युलेशन बनवून घ्यायचं नाही.

मग काय करायचं? एकतर तयार सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करून सराव देणारं यंत्र. वेल्डिंगचं घ्या, चेन्नईची स्किलवेरी ही कंपनी वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंगचे सिम्युलेटर बनवते. शिकाऊ पोराला टॉर्चचा कोन, अंतर, हाताचा वेग हे तीनच जमायला किती प्लेट, किती रॉड, किती गॅस जातो ते वेल्डिंग शॉपवाल्यांना सांगायला नको. तो सगळा सुरुवातीचा सराव सिम्युलेटरवर होतो, प्रत्येक फेरीला हात कुठे थरथरला ते स्क्रीनवर दिसतं. पण त्यात धग नाही, ठिणग्या नाहीत, धूर नाही, त्यामुळे सिम्युलेटरवर चांगले मार्क मिळाले म्हणून कुणाला थेट जॉबवर बसवायचं नाही, मधे खऱ्या बूथमध्ये सराव हवाच. आणि छोट्या युनिटने हे विकत घेण्यापेक्षा जवळच्या आयटीआयमध्ये किंवा इंडस्ट्री असोसिएशनकडे आहे का ते आधी विचारावं, नसेल तर चार-पाच युनिटनी मिळून घ्यावं.

दुसरा रस्ता म्हणजे ३६० डिग्री व्हिडिओ, ज्यात चारही बाजूंचं एकदम टिपलं जातं, आणि छोट्या युनिटला मी हाच सांगेन. इन्स्टा३६० किंवा रिकोह थीटासारखा कॅमेरा लागतो, तो भाड्यानेही मिळतो. यात सगळ्यात उपयोगी पडतो तो धोके शोधायचा सराव. भोसरी-चाकणकडे गुरुवारची सुट्टी असते, त्या दिवशी शेड रिकामी असताना मुद्दाम चुका मांडून ठेवायच्या: जमिनीवर तेल सांडलेलं, ग्राइंडरचा गार्ड काढलेला, क्रेनचा पट्टा एका बाजूने कुरतडलेला, चालायच्या पिवळ्या पट्ट्यात पॅलेट ठेवलेलं, फायर एक्स्टिंग्विशरच्या पुढे खोक्यांची थप्पी. मग ट्रायपॉडवर कॅमेरा लावायचा, उंची माणसाच्या डोळ्याएवढी म्हणजे साधारण सव्वापाच फूट, आणि शूटिंग चालू असताना कॅमेरा अजिबात हलवायचा नाही, कारण बघणाऱ्याचं शरीर स्थिर आणि नजर पुढे चालली की मळमळतं. कॅमेऱ्यापासून तीन-चार फुटांच्या आत काही ठेवू नका, दोन लेन्सची चित्रं जिथे जोडली जातात तिथे वस्तू चिरल्यासारखी दिसते. शूटिंग करणाऱ्याने खांबाआड लपायचं, नाहीतर सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं.

क्लिप तीन-चार मिनिटांची ठेवा. आवाज तुमच्याच सुपरवायझरचा, एक मराठीत आणि एक हिंदीत, कारण लाइनवर बीडचा पोरगाही असतो आणि बिहारचाही. नव्या माणसाला हेडसेट घालून स्टुलावर बसवा, मान फिरवून आजूबाजूला बघायला सांगा आणि काय काय चुकतंय ते मोठ्याने बोलायला लावा. समोर टीव्हीवर त्याला दिसतंय ते दाखवता येतं, बाकीचे नवीन लोक तेही बघतात. पोस्टरवर लिहिलेले दहा नियम वाचून जे होत नाही ते इथे होतं, कारण आपलीच शेड, आपलीच क्रेन, आणि चूक स्वतः शोधलेली. कुठली चूक बहुतेकांना दिसलीच नाही ते लिहून ठेवा, टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा चर्चेला, तोच विषय घ्या.

हेडसेट एकच पुरतो सुरुवातीला. मेटा क्वेस्ट ३एस अमेरिकेत २०२४ मध्ये २९९ डॉलरला आला, इथे आयात होऊन येईपर्यंत किंमत वाढते, विकणाऱ्याला वॉरंटी भारतात चालते का ते लेखी विचारा. वापरताना या गोष्टी पाळा. दोन डोळ्यांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, ते हेडसेटवर प्रत्येक वेळी जुळवायचं, नाहीतर डोकं दुखतं आणि माणूस म्हणतो हे आपल्याला झेपत नाही. पहिल्यांदा दहा मिनिटांच्या वर नाही. फिट येणाऱ्याला, चक्कर येणाऱ्याला द्यायचं नाही, आणि गरगरतंय म्हणाला की लगेच काढायचं, त्यात कुणाची चेष्टा होता कामा नये. हेडसेट काढल्या काढल्या फोर्कलिफ्टवर पाठवू नका, थोडा वेळ बसू द्या. चेहऱ्याला लागणारी गादी पुसता येणारी घ्या, प्रत्येक माणसानंतर पुसा, घामाने भिजलेली गादी दुसऱ्याच्या तोंडाला लावणं बरोबर नाही. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका, लेन्समधून ऊन आत गेलं तर आतला स्क्रीन जळतो.

मशीन यायच्या आधी मशीन उभं करून बघणं

हे फोनवर होतं, आणि कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंगचं, काम करणारा कुणी असेल तर फार खर्चही नाही. नवीन मशीन घेताय, पार्टीकडून त्याची स्टेप फाइल, म्हणजे थ्रीडी ड्रॉइंगची फाइल, मागा. फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून जीएलटीएफ या थ्रीडी फॉरमॅटमध्ये काढा, मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नट-बोल्ट, आतले गिअर, पाइप सगळं उडवून फक्त बाहेरचा आकार ठेवा आणि जीएलबी फाइल दहा एमबीच्या आत आणा. अँड्रॉइडला जीएलबी चालते, आयफोनला यूएसडीझेड लागते. इथे एक गोष्ट हमखास अडते, कॅडमध्ये माप मिलिमीटरमध्ये असतं आणि जीएलबीत मीटर धरतात, त्यामुळे मशीन एकतर डोंगराएवढं येतं किंवा दिसतच नाही. आधी एक मीटरचा साधा ठोकळा बनवून फोनवर उभा करा आणि टेपने मोजा, मग मशीनचं मॉडेल.

शेडमध्ये फोन धरून मशीन खऱ्या मापात उभं केलं की जे ड्रॉइंगवर कुणाच्या लक्षात येत नाही ते दिसतं: पॅनलचं दार पूर्ण उघडलं तर खांबाला लागतंय, चिप कन्व्हेयरची (धातूचा कीस बाहेर टाकणाऱ्या पट्ट्याची) ट्रॉली बाहेर काढायला जागाच नाही, ऑपरेटरच्या पाठीमागून फोर्कलिफ्ट जाणार आहे. त्या मशीनवर उद्या काम करणाऱ्या माणसाला तिथे उभं करा आणि त्याला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल. फक्त फाउंडेशन बोल्टचे खड्डे या चित्रावरून मारू नका, फोनचं माप काही सेंटिमीटर इकडे-तिकडे होतं, खड्डे ड्रॉइंगवरूनच.

तुम्ही स्वतः मशीन बनवणारे असाल तर हेच गिऱ्हाईकाकडे उलट्या बाजूने वापरा, कोटेशनसोबत लिंक पाठवा, तो त्याच्या शेडमध्ये उभं करून बघेल. आतले पार्ट काढून टाकायचं आणखी एक कारण इथे आहे, लिंक दिली म्हणजे मॉडेल दिलं, तुमचं डिझाइन त्यातून बाहेर जाऊ नये. फर्निचरवाल्यांचं, मॉड्युलर किचनवाल्यांचंही असंच आहे, आयकियाने २०१७ मध्ये घरात सोफा ठेवून बघायचं अ‍ॅप काढलं होतं, आता स्वतःचं अ‍ॅपही लागत नाही, मॉडेल व्ह्यूअर नावाचा गूगलचा फुकट कोड वेबसाइटवर टाकला की गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमधूनच होतं.

गोडाऊनमध्ये चष्म्यावर "कुठल्या रॅकमधून किती उचला" दाखवायचा प्रयोग डीएचएल या मालवाहतूक कंपनीने नेदरलँड्समध्ये बर्गन ऑप झूमला २०१५ मध्ये केला, काम २५ टक्क्यांनी वेगाने झालं असं त्यांनी सांगितलं. मोठं गोडाऊन असेल, सॉफ्टवेअर आधीपासून असेल तर विचार करा, दोन गाळ्यांच्या स्टोअरला रॅकवर मोठ्या अक्षरात नंबर टाकणं पुरतं. व्हीआरमधल्या मीटिंग मी कुणाला सुचवणार नाही, साधा व्हिडिओ कॉल चालतो.

पैसे अडकू नयेत म्हणून

मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा ३,५०० डॉलरचा चष्मा २०१९ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्यांनी त्याचं उत्पादन बंद केलं. गूगलने कंपन्यांसाठीचा ग्लास नावाचा चष्मा २०२३ मध्ये विकणं थांबवलं. ज्यांनी आपलं सगळं ट्रेनिंग त्या एका उपकरणावर बांधलं त्यांना परत सगळं करावं लागणार. म्हणून तुमचा माल, म्हणजे व्हिडिओ, फोटो, मॉडेल, हे साध्या एमपी४, जेपीजी, जीएलबीमध्ये तुमच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर असलंच पाहिजे. बाहेरच्या एजन्सीकडून काही बनवून घेत असाल तर वर्क ऑर्डरमध्येच लिहा की मूळ फाइल आमच्या, आणि मशीनमध्ये बदल झाला तर एक पायरी बदलायला किती पैसे लागतील तेही आधीच विचारून ठेवा, खरा खर्च तिथेच होतो.

कामगारांशी आधी बोला. कॅमेरा कुठे चालू असणार, रेकॉर्डिंग कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे नोटीस बोर्डावर मराठी-हिंदीत लावा, युनियन असेल तर त्यांना आधी सांगा. रेकॉर्डिंग कुणाचा पगार कापायला किंवा मेमो द्यायला वापरणार नाही हे शब्दात द्या आणि पाळा, एकदा जरी तसं झालं तर त्यानंतर कुणी मनापासून फोन धरणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडेही लक्ष असू द्या.

ट्रायल एकाच मशीनवर, पण तिन्ही शिफ्टला. नेट रात्री कसं चालतं, रात्रपाळीचा माणूस वापरतो का, हे दिवसा कळत नाही. तीन महिन्यांनी तीच पहिली वही काढा, बंद पडल्यापासून चालू होईपर्यंतची मिनिटं, इंजिनिअरच्या व्हिजिटची बिलं, नव्या माणसाच्या पहिल्या महिन्यातलं रिजेक्शन, हे तीन आकडे आधीचे आणि आत्ताचे शेजारी शेजारी लिहा. आकडे सुधारले असतील तर हेच दुसऱ्या मशीनवर सुरू करा, नसतील सुधारले तर फिटरला विचारा की तो फोन कपाटातून काढतो तरी का, आणि नसेल काढत तर कपाटाची किल्ली कुणाकडे असते.